उघडा भाता

१

साडेपाच वाजले की धम्मप्रिया खोली उघडायची. सकाळी सात ते तीन एका खाजगी दवाखान्यात नर्सची ड्यूटी, घरी येऊन दोन घास, आईचा चहा, आणि साडेपाचला विहाराच्या मागची ती पत्र्याची खोली. खोली म्हणजे काय, दहा बाय बाराची जागा आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा जास्त असा एक पंखा. पण ‘हरिदास आणि पार्टी, सोलापूर’ या भीमगीतांच्या पार्टीचं सगळं वैभव तिथंच मांडलेलं असायचं. दोन स्पीकर, मिक्सर, तीन माईक, शहाजीकाकांच्या दोन ढोलक्या, आणि मधोमध सतरंजीवर तिच्या वडिलांची, अप्पांची पेटी.

पेटी उघडायची एक रीत होती, ती हरिदासअप्पांनी घालून दिलेली. आधी भात्याची कडी काढायची. मग एकही पट्टी न दाबता भाता तीनदा हलवायचा. नुसता वारा आत, वारा बाहेर. “तिला श्वास घेऊ द्या की जरा! आल्या आल्या गळा धरता व्हय बिचारीचा?” असं अप्पा म्हणायचे. सराव संपला की भाता मिटून कडी लावायची, आणि लावली का ते पुन्हा हात लावून बघायचं. विसरलेल्याला अप्पा सगळ्यांदेखत झाडायचे. लेक म्हणून धम्मप्रियाला त्यात सूट नव्हती, उलट तिच्या वाट्याला चार शब्द जास्तच.

अप्पांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. अर्धं आयुष्य मागावर गेलेला माणूस. कापसाची लव छातीत साचत गेली आणि शेवटी दम लागून लागूनच गेले. पार्टी मोडणार असं वस्तीतला जो तो म्हणत होता. ती मोडली नाही, कारण धम्मप्रिया पेटीवर बसली. बसली ती भीत भीतच. गळा थेट बापाचा, पण पट्ट्यांवर बोटं ठेवली की तिला परक्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं व्हायचं. यंदा जयंतीला वस्तीतच कार्यक्रम ठरला होता, अप्पांच्या मागं पार्टीचा पहिला. तो झाला तर पार्टी राहिली, नाही तर संपली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मार्चमधला शेवटचा रविवार. सकाळी सराव आटोपला तोवर बार्शीच्या लग्नाला जायची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारत होती. आई हाका मारत होती. धम्मप्रियानं पेटीचं झाकण टाकलं, खोलीला कुलूप लावलं आणि पळाली. दिवस मावळताना परत आली तर कुलूप तुटलेलं आणि खोली साफ. स्पीकर गेले, मिक्सर गेला, ढोलक्या गेल्या. सतरंजीवर पेटीच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन तेवढा राहिला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. “पेटीची काही खूण?” हवालदारानं विचारलं. “एका काळ्या पट्टीचा टवका उडालाय,” धम्मप्रिया सांगू लागली. “आणि भात्याला बोटं टेकून टेकून चार खळगे पडलेत. कडी पितळेची...” आणि तिथंच ती अडखळली. कडी लावायची राहिली होती.

२

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिचे पाय आपसूकच खोलीकडं वळले. झाडायला तरी जावं म्हणून तिनं दार ढकललं, कोपऱ्यातला झाडू घेतला, वाकली आणि तशीच थांबली. खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं.

पंखा असेल म्हणून तिनं वर बघितलं, तर पंखा बंद. पारवे असतील म्हणून बाहेर जाऊन पत्र्यावर नजर टाकली, तर पत्रा मोकळा. उन्हानं तापलेला पत्रा संध्याकाळी आवाज करतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण तो कडकड वाजतो, असा आत-बाहेर करत नाही. ती परत आत आली. सतरंजीवरच्या त्या चौकोनाजवळ गेलं की आवाज वाढायचा, दाराकडं सरकलं की कमी व्हायचा. हात आपोआप घड्याळाकडं गेला, नर्सची सवय. एका मिनिटात सव्वीस. वरवरचा, घाईचा श्वास, आणि प्रत्येकाच्या शेवटी बारीक शिट्टी. असल्या श्वासाच्या उशाशी ती चार महिने बसली होती.

आता हे सांगायचं कुणाला? दुसऱ्या कुणाची लेक असती तर गल्लीभर बोंब ठोकून मोकळी झाली असती. पण हरिदासअप्पांची लेक! प्रत्येक कार्यक्रमात तिसरं गाणं झालं की अप्पा पेटी थांबवायचे आणि लोकांना विचारायचे, “भूत असतंय का?” हजार माणूस ओरडायचं, “न्हाय!” “कुणी बघितलंय का?” “न्हाय!” “मग घाबरताय कशाला रं? घाबरायचंच असंल तर बायकोला घाबरा की, ती तरी खरी हाय!” आणि पुढच्या रांगेत बसलेली त्यांची बायको, मनकर्णाआई, हात वर करायची. त्यावर जो हशा पिकायचा तो थांबायला दोन मिनिटं लागायची. त्या माणसाच्या पोरीनं घरी जाऊन काय सांगावं, रिकाम्या खोलीत बाप धापा टाकतोय म्हणून?

झोप नाही झाली, ड्यूटीचा ताण आहे, मनाला लागलंय, असं तिनं स्वतःला बजावलं आणि सात रस्त्याजवळच्या हाशमचाचांच्या दुकानात गेली. चोरीची पेटी विकायला निघाली तर आज ना उद्या दुरुस्तीवाल्याकडं येणारच, हा तिचा हिशोब. अप्पांची पेटी गेली तीस वर्षं हाशमचाचांनीच सांभाळलेली. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“बेटी, आली तर मी धरून ठेवतो, त्याची काळजी नको. पण एक सांग, कडी लावली होती ना?”

“राहिली,” ती म्हणाली.

“अरे अल्ला! असल्या उन्हात उघडा भाता? चामडं कडक होऊन तडकतं. धूळ जाते, उंदीर शिरतात. दहा दिवस नाय टिकणार ती. पेटी मरते, बेटी.”

दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिला रडूच फुटलं. चोरानं पेटी नेली, पण मारायची सोय मीच करून दिली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

३

बुधवारी वीस भरले. शुक्रवारी चौदा.

दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, की चला, धाप कमी झाली. धम्मप्रियाची काळजी वाढली. दम लागलेला पेशंट असा हळूहळू मंदावतो तेव्हा तो बरा होत नसतो, थकत असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अप्पांचंही शेवटी असंच झालं होतं. दवाखान्यात ती इंजेक्शन भरता भरता थांबायची आणि आत्ता किती झाले असतील याचा विचार करायची. घरी आई विचारायची, “धम्मे, त्या रिकाम्या खोलीत रोज काय करतीस गं?” “झाडते,” ती म्हणायची. आई तिच्याकडं बघत राहायची, पण पुढं काही विचारायची नाही.

रविवारी शहाजीकाका खोलीवर आले. अप्पांचे जोडीदार, चाळीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून ढोलकी वाजवलेले. दारातच उभं राहून म्हणाले, “धम्मा, जयंती मंडळवाल्यास्नी नाही म्हणून कळवू का? उसनी पेटी आणू, ढोलकी आणू, पण मन लागंना गं. हरिदासची पेटी नसंल तर कसली आलीया पार्टी?”

“बसा तरी काका.”

ते बसले. बोलायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांनी वर पंख्याकडं बघितलं.

“बंद हाय,” धम्मप्रिया म्हणाली.

“व्हय. दिसतंय.” त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काय ऐकू येतंय ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. दोघं त्या चौकोनाच्या दोन बाजूंना बसून राहिले. मिनिटाला नऊ. मधेच इतका वेळ जायचा की धम्मप्रिया स्वतःचाच श्वास रोखून धरायची, आणि मग तो पुढचा श्वास यायचा. त्या भीतीतही तिला एका गोष्टीनं हायसं वाटलं: वेड लागलं असेल तर आता दोघांना लागलंय.

बऱ्याच वेळानं तिचं लक्ष गेलं, शहाजीकाकांची बोटं मांडीवर वाजत होती. ढोलकीवाल्याची बोटं, मालकाला विचारत नाहीत.

“धम्मा, त्या श्वासाच्या मागं काय वाजतंय?”

तिनं आठवडाभर नुसते श्वास मोजले होते, मागचं काही ऐकलंच नव्हतं. आता कान दिला तर फार लांबून खटक-खटक येत होतं. यंत्रमाग. विहाराच्या आसपास दोन किलोमीटरपर्यंत एकही माग नव्हता.

“लंगडतोय,” काका म्हणाले. “ऐक. सहा ठोके सरळ पडत्यात आन सातवा गिळतोय. मी न् हरिदासनं पंचवीस वर्षं माग चालवला, ताल आमी तितंच शिकलो. असला माग कधी ऐकला न्हाय.” ते उठून उभे राहिले. “उद्या रजा काढ.”

४

सोमवारी सकाळी दहापासून दोघं अक्कलकोट रोडच्या बाजूच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून फिरत होते. प्रत्येक दारापुढं थांबायचं, कान द्यायचा, पुढं जायचं. लोकांना वाटलं कामगार ऑफिसचं कुणीतरी तपासणीला आलंय. एका मालकानं तर घाईघाईनं चहा मागवला. दुपार झाली. ऊन डोक्यात भिनायला लागलं. चौथ्या गल्लीच्या टोकाला शहाजीकाका थबकले आणि त्यांनी नुसता हात वर केला.

सहा सरळ, सातवा गिळलेला.

सहा मागांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. पार्वतम्मा नावाची बाई एकटीच माग बघत होती, केसांत सगळी कापसाची लव. मागाचं विचारल्यावर ती वैतागून म्हणाली, “काय सांगू बाबा, मागच्या रविवारपासनं असंच चाललंय ते. फिटर दोनदा बघून गेला. दोषच नाय म्हणतो.” मग दोघांना नीट न्याहाळून तिनं आवाज उतरवला. “तुमी त्या म्हाताऱ्याचे कोण?”

“कुठल्या म्हाताऱ्याचे?” धम्मप्रियानं विचारलं.

पार्वतम्मानं शेजारच्या भिंतीकडं बोट केलं. पलीकडं एक जुनं गोडाऊन होतं. “आत कोणतर हाय की. आठ दिवस झालं, लई दम लागलाय त्याला. मी हाक मारली, वो देत नाय. शटरला बाहेरनं कुलूप. मालकाला फोन केला तर तो म्हणतो, आत फक्त रद्दी हाय. मग मी शटरखालनं रोज पाण्याची वाटी सरकवते. उन्हाळ्याचं दिवस, माणूस हाय शेवटी.”

“आणि पाणी?”

“सकाळी वाटी रिकामी असते की.”

“उन्हानं आटत असंल,” शहाजीकाका पटकन म्हणाले.

ते दोघं भिंतीशी गेले. माग चालू होते, जमीन पायाखाली थरथरत होती, आणि भिंतीला कान लावल्यावर पलीकडून तो श्वास येत होता. एकाएकी काका हसायला लागले. “अगं येडे! भाता उघडा हाय न्हवं? मागाच्या हादऱ्यानं हलतोय त्यो! वारा आत-बाहेर करतोय, दुसरं काय न्हाय!”

धम्मप्रियाही हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली. अगदी बरोबर होतं, अप्पांनी स्टेजवरून असंच समजावून सांगितलं असतं. तीन किलोमीटरवर आपल्या खोलीत ते कसं ऐकू आलं, हा प्रश्न तिनं त्या क्षणी बाजूला सारला.

तेवढ्यात लाईट गेली.

५

सहाही माग थांबले. गल्लीतले सगळे कारखाने थांबले. जमीन स्थिर झाली, आणि इतकी शांतता पसरली की पार्वतम्माच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

भिंतीपलीकडं श्वास चालूच होता.

शहाजीकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. धम्मप्रिया मागच्या बोळात गेली. तिथं उंचावर एक झरोका होता, गंजक्या जाळीचा. तिनं सुताचं एक पोतं ओढलं, वर चढली आणि जाळीला डोळा लावला.

आधी काहीच दिसलं नाही. मग पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची एक तिरीप दिसली, रद्दीचे गठ्ठे दिसले. आणि त्यांच्यामधे जमिनीवर तिरकी पडलेली पेटी. ती एकटीच होती, स्पीकर नाही, ढोलक्या नाहीत. बाकीचं सगळं विकलं गेलं असावं आणि ही इथं टाकून वर कुलूप ठोकलेलं. उघड्या झाकणावर, पट्ट्यांवर, सगळीकडं धुळीचा आणि कापसाच्या लवेचा जाड थर बसला होता.

भाता उघडला. थांबला. मग हळू, फार हळू मिटत आला. वारा गेल्याचा आवाज झाला आणि शेवटी ती बारीक शिट्टी. पुढचा श्वास येईना. धम्मप्रिया मनात मोजत होती. दहा. पंधरा. वीस. तिरीप सरकून भात्यावर आली आणि तिला तेवढं एक दिसलं. सगळ्या भात्यावर धूळ होती, फक्त चार बोटांच्या त्या चार खळग्यांवर नव्हती. तिथलं लाकूड स्वच्छ होतं, आत्ता हात लागून गेल्यासारखं.

ती भ्याली. खरं सांगायचं तर उतरून पळावंसं वाटलं. पण पंचवीस झाले, अठ्ठावीस झाले, आणि भीतीच्या वर दुसरंच काहीतरी आलं. आजारपणात रात्रंदिवस म्हटलेलं तेच वाक्य तिच्या तोंडून निघालं, त्याच नर्सच्या आवाजात:

“अप्पा, मी हाय हितं. घाई न्हाय करायची. मोठा श्वास घ्या बघू.”

भाता हलला. तिरका पडलेला असूनही पुरता उघडला, टोकापर्यंत, आणि एक लांबलचक श्वास त्या गोडाऊनभर गेला. मग लाईट आली, सहाही माग एकदम सुरू झाले आणि दुसरं काही ऐकू येईना. पार्वतम्मा बोळाच्या तोंडाशी येऊन ओरडली, “अहो ताई! माग नीट चालायलाय की!”

६

पोलिसांनी कुलूप तोडलं. धम्मप्रियानं पेटीला मिठी मारली आणि हवालदारासमोर, पंचांसमोर पोटभर रडून घेतलं. कडी लावली असती तर मिटलेल्या भात्याची पेटी त्या अंधारात मुकी पडून राहिली असती, कुणाला पत्ता लागला नसता. आठवडाभर ज्या चुकीपायी ती स्वतःला खात होती, त्या चुकीनंच पेटी हाती लागली होती. ते ओझं तिथंच उतरलं.

मुद्देमाल कोर्टातून सुटायला जयंतीचा आदला दिवस उजाडला. पोलीस ठाण्यातला कारकून कागद पुढं करत म्हणाला, “ताई, सही करा आणि घेऊन जा लवकर.”

“का हो? काय झालं?”

“न्हाय, तसं काय न्हाय. आमच्या नाईट ड्यूटीवाल्यांनी सांगितलंय.”

हाशमचाचांनी पेटी उघडून तासभर तपासली. “उंदीर नाय. आत धूळ नाय. चामडं तर इतकं नरम हाय, कुणी रोज वाजवल्यासारखं.” त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि पेटी तिच्याकडं सरकवली.

स्पीकर, मिक्सर काही परत मिळालं नाही. माईक मंडळानं दिले. करकंबच्या एका पार्टीनं चोरीचं ऐकून आपली ढोलक्यांची जोडी एसटीतून पाठवून दिली, सोबत चिठ्ठी, ‘हरिदासअप्पांच्या पार्टीला. सावकाश परत करा.’ ती वाचून शहाजीकाकांनी दोनदा नाक पुसलं.

जयंतीच्या संध्याकाळी वस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. धम्मप्रियानं बोटं त्या चार खळग्यांत टेकवली, तीनदा भाता हलवला आणि गायला लागली. परक्याचं घर वगैरे काही वाटलं नाही. वाटायला सवडच मिळाली नाही. तिसरं गाणं संपलं. तिनं पेटी थांबवली. आता विचारायचं होतं. आपल्याला काय माहीत आहे नि काय माहीत नाही, याचा निकाल तिला लागत नव्हता. पण समोर पोरंटोरं मांडी घालून बसली होती, आणि त्यांनी भिऊ नये एवढं तिला नक्की हवं होतं.

“भूत असतंय का?”

“न्हाय!” अख्खी वस्ती ओरडली. सगळ्यात मोठा आवाज पुढच्या रांगेतून आला, मनकर्णाआईचा. “मग घाबरायचं कुणाला?” धम्मप्रियानं विचारलं, आणि सव्वा वर्षानं आईनं हात वर केला. हशा थांबायला दोन मिनिटं लागली.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. धम्मप्रिया पेटी आवरत होती, तेव्हा आई स्टेजवर चढून आली. अप्पा गेल्यापासून तिनं पेटीला हात लावला नव्हता. ती खाली बसली, कडीवर गेलेला लेकीचा हात तिनं धरला आणि बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली.

“राहू दे ती कडी,” आई म्हणाली. “आज ह्यास्नी दम लागंना बघ. शांत झोप लागलीया.”

धम्मप्रियानं सवयीनं घड्याळ बघितलं. मिनिटाला सोळा, खोल आणि एकसारखे. मग तिनं आईची शाल पेटीवर टाकली आणि दोघींनी मिळून ती उघड्या भात्यानंच घरी नेली.